बोटीचे इंजिन ऐन पुरात का रुसते?

ठिणगीचा माग काढण्याची रीत सोपी. तपासणीची वेळ मात्र पावसाळ्यापूर्वीची

गुरुकुंज मोझरी (प्रतिनिधी) : अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम उभारला आणि हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. कपाशी, सोयाबीन, तूर आणि संत्र्याच्या या मुलखाचे बोटीशी काही नाते असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि मोझरी ज्या तिवसा तालुक्यात आहे, त्याच्या पूर्वेच्या अंगाने वर्धा नदी वाहते. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर याच तालुक्यात, याच नदीच्या काठी आहे. वरच्या बाजूला, मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ, १३ दरवाजांचे ऊर्ध्व वर्धा धरण आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडले गेले की काठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. नदीने पात्र सोडलेच, तर मग तहसील कार्यालयापासून शोध व बचाव पथकापर्यंत सर्वांची भिस्त एका यंत्रावर येऊन ठेपते. रबरी बोटीच्या मागच्या फळीवर स्क्रूने आवळून बसवलेले पेट्रोलचे इंजिन हेच ते यंत्र. बचाव पथकांच्या बोलीत ते 'ओबीएम', म्हणजे आउटबोर्ड मोटर.

हे यंत्र वर्षातील आठ-दहा महिने गोदामात झाकून पडलेले असते. ज्या दिवशी त्याची गरज भासते, त्या दिवशी ते पहिल्या दोन-चार झटक्यांत सुरू व्हावे, एवढीच अपेक्षा असते. दोरी ओढून ओढून खांदे भरून येतात, इंजिन फुरफुरते आणि गप्प होते. मग कोणी तरी प्लग काढून पुसतो, कोणी कार्ब्युरेटर उघडतो, आणि तासाभराने कळते की दोष भलतीकडेच होता. बिघाड शोधण्याला क्रम असतो, हे विसरले गेल्याचा हा परिणाम होय.

वर्धेच्या पुराचा इतिहास पाहिला तर हा तास किती मोलाचा, हे ध्यानात येते. ३० जुलै १९९१ रोजी याच नदीच्या काठी असलेल्या नागपूर जिल्ह्यातील मोवाड गावात पहाटे पाणी शिरले आणि २०४ जणांचा बळी गेला. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात झुंज येथे नाव उलटून ११ जण बुडाले. ती दुर्घटना इंजिनाच्या बिघाडाची नव्हती. परंतु त्यानंतर बचाव पथकांना बोटी घेऊन नदीचे पात्र धुंडाळावे लागले. शोधकार्याची गोष्ट येथे मुद्दाम सांगावी लागते, कारण ठिणगीच्या बिघाडाचे एक मोठे कारण त्यातच दडलेले आहे. बुडालेल्याचा शोध घेताना बोट अगदी संथ चालवावी लागते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. इंजिन जोरात चालले की ते जळून जाते; तासन्‌तास मंद चालले की ते पुरते जळत नाही आणि प्लगच्या टोकावर काळ्या, तेलकट थराच्या रूपाने साचत जाते. हा थर वीज वाहू देतो. ठिणगीसाठी आलेली वीज मग फटीतून उडी मारण्याऐवजी त्या थरावरून चोरवाटेने निघून जाते. सकाळी उत्तम चाललेले इंजिन दुपारी बंद करून पुन्हा सुरू करताना अडते, ते बहुधा यामुळेच. संथ शोध चालू असताना मधूनमधून, मोकळ्या पाण्यात, काही काळ इंजिन वेगाने चालवून घेण्याची अनुभवी चालकांची सवय या कारणाने योग्यच ठरते.

फवारणी पंपाचा थोरला भाऊ

आउटबोर्ड मोटर म्हटली की काही तरी अनोळखी, सागरी यंत्र असावे असे वाटते. १९०९ साली अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात ओले एव्हिनरुड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने दीड अश्वशक्तीचे असे इंजिन बाजारात आणले, तेव्हापासून त्याचा संसार समुद्र आणि सरोवरांकाठीच वाढला, हे खरे. परंतु ठिणगीपुरते पाहिले तर वऱ्हाडातील शेतकरी पाठीवर घेतो त्या पेट्रोलच्या फवारणी पंपात, जुन्या लुनात आणि स्कूटरमध्ये जी रचना असते, तिचाच हा मोठा अवतार आहे. महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये मॅग्नेट कॉइल बदलणाऱ्या मिस्त्रीला बोटीचे इंजिन दाखवले, तर वरचे झाकण काढताच त्याला अर्धी ओळख पटेल.

झाकणाखाली सर्वांत वर दिसते ते फ्लायव्हील, म्हणजे फिरते जड चाक. त्याच्या आतल्या कडेला चुंबके बसवलेली असतात. दोरी ओढली की चाक फिरते, चुंबके आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांवरून सरकतात आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलेले तत्त्व ते हेच. बॅटरीची गरज यात नाही, आणि दुर्गम ठिकाणी वापरायच्या इंजिनाला तीच सोय हवी असते.

वेटोळ्यातून निघालेली ही वीज 'सीडीआय' नावाच्या बंद डबीत जाते. तेथे ती एका कपॅसिटरमध्ये साठवली जाते. विहिरीतले पाणी टाकीत भरून ठेवावे तशी. सिलिंडरमधला पिस्टन योग्य जागी आला की फ्लायव्हीलखालचे दुसरे, लहान वेटोळे डबीला इशारा देते. त्या क्षणी साठवलेली सारी वीज एका दमात इग्निशन कॉइलमध्ये ओतली जाते. कॉइल तिचा दाब वाढवून काही हजार, प्रसंगी २० हजार व्होल्टच्याही पुढे नेते आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. जुन्या इंजिनांत सीडीआयच्या जागी 'पॉइंट' आणि कंडेन्सर असत. पॉइंटच्या तोंडावर काजळी किंवा गंज चढला की ठिणगी अशक्त होई, हे जुनी स्कूटर चालवलेल्या वाचकांच्या स्मरणात असेलच. नव्या चार स्ट्रोकच्या, संगणकीय नियंत्रणाच्या मोठ्या इंजिनांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांतील बहुतेकांना सुस्थितीतील बॅटरी लागते, आणि ती उतरलेली असेल तर बाकी सारे ठीक असूनही ठिणगी मिळत नाही.

लाल दोरीचा घोटाळा

या साखळीत आणखी एक कडी आहे आणि ती सर्वांत फसवी. पेट्रोलचे असे इंजिन बंद करायचे म्हणजे ठिणगी मारायची. त्यासाठी स्विच दाबला की सीडीआयकडे जाणारी वीज इंजिनाच्या धातूच्या अंगात, म्हणजे अर्थमध्ये, सोडून दिली जाते. बोटीवर या स्विचला एक पिळदार, बहुधा लाल रंगाची दोरी जोडलेली असते. तिचे दुसरे टोक चालकाच्या मनगटाला किंवा जीवरक्षक जॅकेटला अडकवतात. चालक पाण्यात पडला तर दोरीच्या टोकाची क्लिप निघते आणि इंजिन तत्काळ थांबते. फिरता पंखा त्याच्या अंगावर येत नाही.

क्लिप जागेवर नसेल, तर मात्र इंजिन सुरूच होत नाही. कितीही दोरी ओढा, नवा प्लग लावा, ठिणगी येणार नाही. गोदामात इंजिन एका कोपऱ्यात आणि क्लिप कोणाच्या तरी किल्ल्यांच्या जुडग्यात, अशी ताटातूट झाली की पहिला अर्धा तास येथेच वाया जातो. म्हणून झाकणाला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. क्लिप जागेवर आहे काय, गिअर न्यूट्रलमध्ये आहे काय, आणि पेट्रोलच्या टाकीवरचा हवेचा स्क्रू उघडला आहे काय. तिसरी गोष्ट ठिणगीची नाही. पण तिच्यामुळे उद्भवणारा त्रास ठिणगीच्या बिघाडासारखाच भासतो, म्हणून ती येथे नोंदवली आहे.

प्लग काय सांगतो?

दोरी ओढून झाल्यावर प्लग काढून पाहणे, ही सर्वांत स्वस्त चाचणी. प्लगचे टोक पेट्रोलने ओले असेल तर इंधन पोहोचते आहे, पण जळत नाही. संशय ठिणगीवर घ्यावा, किंवा चोक जास्त वेळ ओढल्याने इंजिन 'ओव्हर' झाले असेल. टोक कोरडे ठणठणीत असेल तर आधी टाकी, नळी आणि इंधननळीतला रबरी फुगा तपासावा. फिकट तपकिरी टोक निरोगी इंजिनाचे. काळे आणि तेलकट असेल तर वर सांगितलेला मंदगतीचा किंवा जादा ऑइलचा परिणाम. पांढरे फटक, भाजल्यासारखे असेल तर गोष्ट गंभीर. इंजिन जादा तापते आहे किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. फटीत कार्बनचा एखादा कण आडवा अडकून बसला तरी ठिणगी बंद होते, आणि डोळ्यांना तो चटकन दिसत नाही.

प्लगची फट फिलर गेजने मोजावी. ती किती असावी, हे त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेले असते; अंदाजाने ठोकून कमी-जास्त करू नये. प्लग स्वस्त असतो. शंका असेल तर घासत बसण्यापेक्षा त्याच क्रमांकाचा नवा लावावा आणि पुढे जावे. सर्वसाधारण दुकानात मिळेल तो, आकाराने बसणारा कोणताही प्लग लावण्याचा मोह मात्र टाळावा. प्लगची उष्णता वाहून नेण्याची क्षमता क्रमांकागणिक बदलते आणि चुकीच्या प्लगने पिस्टनला छिद्र पडल्याची उदाहरणे मिस्त्री लोकांना नवी नाहीत.

ठिणगी आहे, पण पुरेशी आहे काय?

प्लग बाहेर काढायचा, टोपी लावून इंजिनाच्या अंगाला टेकवायचा आणि दोरी ओढून ठिणगी पाहायची, ही गॅरेजमधली सर्वपरिचित रीत. ती पुष्कळदा दिशाभूल करते. मोकळ्या हवेत मिलिमीटरभराच्या फटीत अशक्त वीजही उडी मारते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच वीज हार खाते. म्हणून फट मोठी करता येणारा स्पार्क टेस्टर वापरतात. अनेक सीडीआय इंजिनांसाठी ती फट साधारण १० मिलिमीटर ठेवण्याची शिफारस असते. एवढ्या अंतरावर निळसर पांढरी, कडकडीत ठिणगी नियमित पडली तर ठिणगीची बाजू बहुतांशी निर्दोष समजावी. नारिंगी, बारीक, मध्येच चुकणारी ठिणगी म्हणजे आजार पुढे आहे.

येथे थोडी सावधगिरी हवी. प्लगच्या भोकातून पेट्रोलचे तुषार बाहेर येतात आणि ठिणगी त्यांच्याजवळ पडली तर भडका उडू शकतो. टेस्टर भोकापासून दूर धरावा आणि इंधननळी आधी सोडवावी. हात ओले नसावेत. प्लगची वायर कोठेही न टेकवता लोंबकळत ठेवून दोरी ओढू नये. वाट न मिळालेली वीज कॉइल किंवा सीडीआय आतून फोडून बाहेर पडते, आणि तपासणीतच नवा बिघाड तयार होतो.

आता मुख्य प्रश्न. बचावाच्या बोटींवरील इंजिने बहुधा दोन वा अधिक सिलिंडरची असतात आणि निदानाच्या दृष्टीने ती मोठीच सोय आहे. एकाही सिलिंडरला ठिणगी नसेल तर दोष सर्वांना समाईक असलेल्या भागात शोधावा: बंद करण्याचा स्विच, मुख्य वेटोळे किंवा सीडीआय. एकाच सिलिंडरची ठिणगी गेली असेल तर दोष त्या सिलिंडरच्या शाखेत, म्हणजे कॉइल, प्लगची टोपी, वायर किंवा इशारा देणारे वेटोळे यांत असणार. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या कॉइल एकसारख्या असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहावी. बिघाड कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर गुन्हेगार सापडला. तो जागचा हलला नाही, तर कॉइल निर्दोष ठरली आणि शोध एक पायरी मागे सरकला. या युक्तीला एक पैसा खर्च येत नाही. नवा सीडीआय आणून लावायचा आणि बघायचे, ही पद्धत मात्र महाग पडते; विजेचे सुटे भाग सहसा परत घेतले जात नाहीत.

समाईक भागात दोष आहे असे दिसले तर सीडीआयकडे जाणारी, इंजिन बंद करण्याची वायर जोडणीतून सोडवावी आणि पुन्हा ठिणगी पाहावी. ती परतली तर स्विच किंवा त्याच्या वायरीत कोठे तरी वीज अर्थला जाते आहे. गोदामात उंदरांनी कुरतडलेली वायर, हा आपल्याकडचा या दोषाचा नेहमीचा मानकरी. वायर सोडवलेल्या अवस्थेत इंजिन सुरू झाले तर ते स्विचने थांबणार नाही, चोक ओढून किंवा पेट्रोल तोडूनच थांबवावे लागेल, हे मात्र आधी ध्यानात घ्यावे. तशा स्थितीत बोट पाण्यात नेणे म्हणजे चालकाच्या जिवाशी खेळ होय.

मल्टिमीटरचा उपयोग यानंतरचा. वेटोळ्यांचा रोध मोजून पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहता येतो. तुटलेले वेटोळे त्यात लगेच पकडले जाते. परंतु रोध बरोबर आला म्हणजे वेटोळे चांगले, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. सीडीआयचे वीजप्रवाह क्षणभंगुर झटक्यांचे असतात. साधा मल्टिमीटर ते खरे दाखवत नाही. त्यासाठी झटक्याचा कमाल दाब धरून ठेवणारा जोड लागतो.

तापल्यावर पडणारा आजार

सर्वांत चिवट तक्रार अशी असते की इंजिन थंड असताना फटक्यात सुरू होते, पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते, मग मिस मारू लागते आणि बंद पडते. अर्धा तास विसावा दिला की पुन्हा जसेच्या तसे. गॅरेजमध्ये आणेपर्यंत ते थंड झालेले असते, मिस्त्री दोरी ओढतो, इंजिन सुरू होते आणि तक्रार करणाराच खोटा ठरतो. वेटोळ्यातील किंवा सीडीआयमधील एखादा बारीक जोड उष्णतेने फाकतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो, हे त्यामागचे कारण. यावर उपाय एकच, बंद पडल्या क्षणी ठिणगी तपासणे. ती गायब असेल तर वेटोळे आणि सीडीआय संशयित. ठिणगी शाबूत असेल तर टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन चालू झाले तर तो हवेच्या स्क्रूचाच प्रताप. इंजिन बंद न पडता नुसते मंदावले आणि भोंगा वाजला, तर ते जादा तापल्यामुळे यंत्राने स्वतःच वेग रोखलेला असू शकतो. त्याला बिघाड समजून सेन्सरची वायर तोडणारे महाभाग असतात. त्यांचे इंजिन पुढे जाम होते.

आणखी एक प्रकार. ठिणगी झकास, पेट्रोल पोहोचलेले, तरी इंजिन उलटा झटका देते किंवा कार्ब्युरेटरमधून फटाके उडवते. येथे ठिणगीची वेळ चुकलेली असते. फ्लायव्हील दांड्यावर एका लहानशा चावीने योग्य कोनात धरलेले असते. पंखा पाण्याखालच्या खडकावर किंवा ओंडक्यावर आदळला, अथवा नट पुरेसा आवळलेला नसला, तर ती चावी चेपते आणि चाक किंचित सरकते. पुराच्या पाण्यातून ओंडके, तारा, कुंपणाचे खांब वाहत येत असल्याने हा दोष आपल्या नद्यांवर अगदीच दुर्मीळ म्हणता येत नाही. फ्लायव्हील उतरवण्यासाठी पुलरच वापरावा. हातोड्याने ठोकले की आतली चुंबके सुटतात आणि दांड्यालाही इजा होते.

काम मे महिन्याचे

हे सारे वाचायला दहा मिनिटे लागतात. करायला, हाताशी साहित्य असेल तर, एखादा तास. भर पावसात, डोलणाऱ्या बोटीवर, काठावर माणसे हाका मारत असताना यातले फारसे काही करता येत नाही. तेथे प्लग बदलणे आणि क्लिप पाहणे एवढेच शक्य असते. दरवर्षी मान्सूनपूर्व तयारीच्या काळात जलाशयांवर बोटींची प्रात्यक्षिके होतात. त्यात इंजिन सुरू झाले की तपासणी संपली असे मानले जाते. वास्तविक त्या दिवशी इंजिन किमान अर्धा तास, पूर्ण भारासह चालवून, बंद करून, गरम असतानाच पुन्हा सुरू करून पाहायला हवे. तापल्यावर पडणारा आजार दुसऱ्या कोणत्याही रीतीने उघडकीस येत नाही.

जमिनीवर चाचणी घ्यायची तर इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या मोठ्या ड्रममध्ये बुडवावा. कोरडे चालवले तर पाणी खेचणाऱ्या पंपाची रबरी पाती पाहता पाहता जळते आणि ठिणगी शोधता शोधता इंजिन तापून जाते. अंधार पडल्यावर, झाकण उघडे ठेवून, चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरींकडे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. वायरीचे रबर कोठे तडकले असेल तर तेथून निळ्या ठिणग्या अंगावर सरपटताना दिसतात. दिवसा त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि कोरड्या हवेत उपद्रवही देत नाहीत. दमट हवेत मात्र तेथूनच वीज गळते.

पावसाळा सरल्यावर इंजिन गोदामात ठेवताना टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, वायरींचे जोड कोरडे करून त्यांना विजेच्या जोडांसाठी मिळणारे ग्रीस लावावे. इंजिन पाण्यात बुडाले असेल तर ते 'वाळू द्यावे' हा समज घातक आहे. बाहेर काढताच गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, प्लग काढून सिलिंडरमधले पाणी उपसावे, जोडण्या कोरड्या कराव्यात आणि आत वाळू गेली नसल्याची खात्री करून काही तासांतच ते ऑइल घालून चालवावे. एक रात्र तसेच राहिले तरी आतल्या पोलादावर गंज धरतो.

बोटीबरोबर जी पेटी जाते, तिच्यात योग्य क्रमांकाचे दोन-तीन नवे प्लग, प्लग पाना, स्पार्क टेस्टर, इन्सुलेशन टेप, चांगल्या मुठीची पक्कड आणि बंद करण्याच्या स्विचची एक जादा क्लिप असावी. ही क्लिप किल्ल्यांबरोबर ठेवू नये. पेटीच्या झाकणाला आतून दोरीने बांधून ठेवावी.